पाच टोपल्या दगड

पुंडलिकभाऊ,

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दिग्रसच्या घरी मागच्या ओसरीत बसले होते, तुम्ही रंगवलेल्या भिंतीसमोर. "मॅडम, तुमचे भाऊ गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या बाजूनं एक कोंबडी ओरडत होती, ते मात्र मला नीट आठवतं.

फोन ठेवला आणि मी काय केलं, सांगू? लोक अशा वेळी दिवा लावतात, हात जोडतात. मी कपाटातून कॉलेजातून आणलेली ती काचेची बाटली काढली आणि तुमच्या भिंतीवर एक थेंब टाकला. थेंब पाण्यासारखा स्वच्छ खाली ओघळला. गुलाबी झाला नाही. म्हणजे भिंत केव्हाच पिऊन बसली होती आणि मला पत्ता नव्हता. चार वर्षं तुम्ही दर फोनला विचारायचात, "मॅडम, भिंत पेली का?" आणि मी आळसानं म्हणायची, "पेली असेल भाऊ, बघते." बघितलं कधीच नाही. त्या दिवशी बघितलं, तर सांगायला तुम्ही नव्हता.

हे कुणी वाचलं तर म्हणेल, बाई भ्रमिष्ट झाली. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी ऐका. एकच धडा चार-चार वेळा शिकवायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

मी दिग्रसच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम अंगावर घेतलं होतं. आपल्या देशातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कुठून कुठून निघतो याची मोठी यादी बनत होती. वीज, लोखंड, सिमेंट, चुना, मोटारी, शेती, सगळं त्यात. आपल्या जिल्ह्यातल्या चुनाभट्ट्या माझ्या वाट्याला आल्या. पिशवीत छापील तक्ते, कॉलेजातून मागून आणलेला तराजू आणि डोक्यात वीस वर्षांची मास्तरकी, असा सगळा जामानिमा घेऊन मी वणीला उतरले. तिथून जीपनं तुमच्या भट्टीवर.

ती जागा मला पहिल्यांदा दिसली ती अजून तशीच दिसते. सगळं पांढरं. कडुनिंब पांढरे, बैलगाडी पांढरी, बसलेल्या बायकांच्या भुवया पांढऱ्या. उन्हानं हवा हलत होती आणि तिच्या आत माणसं हळूहळू फिरत होती, जणू पाण्याखाली चालताहेत. मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. आपण जागे आहोत की दुपारच्या झोपेत, हे मला खरंच कळेना. तेवढ्यात डोक्याला पंचा गुंडाळलेला एक उंच माणूस त्या पांढऱ्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "जीप गेली का? मंग आता चाराले येईन. बसा, पानी प्या." ते तुम्ही. आग बघणारे. भट्टीत दगडाचा थर, कोळशाचा थर, परत दगड, असं भरून खालून पेटवायचं आणि आग कुठं चढली, कुठं दबली हे वरून नुसतं बघून सांगायचं, हे तुमचं काम. तीस वर्षं तुम्ही तेच केलंत.

मी तक्ता उघडला. "कोळसा किती लागतो?" तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. रकाने भरले, वही मिटली. तर तुम्ही तिथंच उभे.

"झालं?"

"झालं की."

"अन् दगडाचा धूर कुठं लिहिला?"

मी हसले. मला अजून लाज वाटते त्या हसण्याची. म्हटलं, भाऊ, दगडाचा कुठला धूर, धूर कोळशाचा. भट्टीत टाकायला आणलेला एक दगड माझ्या डाव्या हातावर ठेवलात आणि खालून काढलेला, थंड झालेला, तेवढ्याच आकाराचा चुन्याचा खडा उजव्या हातावर. डावा हात खाली गेला, उजवा वर राहिला.

"पाच टोपल्या दगड टाकला मॅडम, तं तीन टोपल्याच्या वजनाएवढा बी चुना निघत नाई. दगड तं तेवढाच दिसते. बाकीचं कुठं गेलं?"

बाकीचं कुठं गेलं! वीस वर्षं फळ्यावर मी ते समीकरण लिहीत आले. चुनखडीचा दगड तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. कोळसा जळून होतो तो वेगळा, हा दगडाच्या पोटातून निघतो तो वेगळा. पोरांच्या पेपरात मी त्याचे गुण कापले आहेत. आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहून मला ते सुचलं नव्हतं. तक्त्याच्या मागच्या पानावर त्याचा रकाना छापलेला होता, मी पान उलटलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"धूर नाही भाऊ, वायू म्हणायचं," मी आपली इभ्रत वाचवायला म्हटलं. "तो दिसत नाही."

"दिसत नाई मनून लिहाचं नाई का?"

त्या दिवसापासून मी तुम्हाला भाऊ म्हणते ते नुसतं रीत म्हणून नाही.

पुढच्या खेपेला तुम्ही नव्हता. बुद्धजयंती जवळ आली होती आणि दरवर्षीप्रमाणे गावच्या बुद्धविहाराला चुना मारायला तुम्ही सुट्टी घेतली होती. मला मागचं पान भरायचं होतं, म्हणजे दगड आणि चुना मोजून मधला फरक काढायचा होता. भट्टीतून नुकता निघालेला चुना हात लावू देत नव्हता आणि चारची जीप चुकवायची नव्हती. शेडखाली एक पोतं होतं, त्यातला चुना मी मोजला, फरक काढला, लिहिला. शितावरून भाताची परीक्षा. पण शितच ओलं होतं. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता. त्या पोत्यातला चुना हवेतलं पाणी पिऊन जड झाला होता. चुना जड, म्हणजे फरक कमी, म्हणजे दगडातून गेलेला वायू कमी. बारावीचा पोरगासुद्धा ही चूक करणार नाही. मी केली, कारण मला घरी जायची घाई होती.

आठ दिवसांनी तुम्ही दिग्रसला माझ्या दारात उभे. वणीहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा, दारव्ह्याहून दिग्रस. हातात बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, झाकणाभोवती सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट बांधलेली.

"मॅडम, तुमचं वजन चुकून राह्यलं."

"काहून?" तुमच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तसंच यायचं.

"पोरं सांगत होते, तुमी शेडातला मरेल चुना मोजला. हा पाहा जित्ता आणला. हवा लागू देली नाई. अन् हा तेवढाच कच्चा दगड."

कॉलेजाला कुलूप होतं. शिपायाला घरून बोलावून प्रयोगशाळा उघडली. तुम्ही चपला बाहेर काढल्यात. मी म्हटलं, असू द्या, तर म्हणालात, "शिकाची जागा हाय." मग आपण दोघांनी मिळून दगड मोजला, खडे मोजले. तुमचं बरोबर निघालं. पाचाला तीनपेक्षा थोडं कमी. मी माझ्या वहीतला आकडा खोडला आणि नवा लिहिला. खोडताना मला दिसलं होतं, भाऊ. काय दिसलं होतं ते मी पुढे सांगते. आत्ता नको.

तिथंच तुम्हाला ती बाटली दिसली. फिनॉल्फ्थॅलीन. ताज्या चुन्याच्या पाण्यात एक थेंब टाकला की पाणी गुलाबी होतं, ते तुम्हाला दाखवलं. तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. मी पुढचं सांगितलं: ओला चुना भिंतीवर लावला की तो हळूहळू हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगड झाला की मग या थेंबाला रंग येत नाही. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. चुना भिंतीवर घट्ट बसतो एवढं ठाऊक होतं, का बसतो ते नाही. तुम्ही स्टुलावर बसलात आणि गुलाबी पाण्याचा पेला उजेडाला धरलात.

"मंजे भट्टीनं सोडेल भिंत परत पेते?"

"पिते. दगडातून गेलेला तेवढा. कोळशाचा नाही हं. तो गेला तो गेला."

"कोळशाचा मी कबूल करतो," तुम्ही म्हणालात. जणू मी न्यायाधीश.

त्याच दुपारी डब्यातला उरलेला चुना तुम्ही माझ्या अंगणात बादलीत भिजवलात. पाणी रटरट उकळलं. शेजारच्या काकू धावत आल्या, काय पेटलं म्हणून. "लोकायले चुना लावाचाच धंदा हाय आपला," म्हणून तुम्ही त्यांना हसवलंत. चिमूटभर नीळ, मूठभर मीठ. ओसरीची एक भिंत रंगवून दिलीत. बाकी घराला प्लास्टिकचा महागडा रंग आणि ती एकच भिंत चुन्याची. आल्यागेल्याला वाटतं, मध्येच पैसे संपले असतील.

जेवताना आपला वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत संपला नाही. तुम्ही विचारलंत, हे सगळं कुणाच्या नावानं लिहिता? मी म्हटलं, जिथं निघतो तिथल्या. वणीच्या.

"काहून? चुना आमी खातो का? दारव्ह्याच्या पानठेल्यावर जाते, साखरेच्या कारखान्यात जाते, लोखंडाच्या भट्टीत जाते. ज्यानं वापरला त्याच्या नावानं लिहा ना."

मी सांगितलं, तसं केलं तर हिशोबाला अंत राहणार नाही. प्रत्येक पानाच्या विड्यामागे धावायचं का? जिथं निघतो तिथं मोजणं सोपं.

"सोपं हाय मनून खरं हाय का?"

मला राग आला. मला पटकन राग येतो, आणि बरोबर बोलणाऱ्याचा लवकर येतो. मी म्हटलं, "भाऊ, धूर तुमचा नाहीच म्हणता, तर डबा घेऊन दोन-तीन गाड्या बदलत आलात कशाला? माझा चुकीचा आकडा तुमच्याच फायद्याचा होता."

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "नाव कोनाचंबी राहो मॅडम. वजन तं बरोबर पायजे."

तुम्ही त्या दिवशी परत गेलात आणि माझी नजर बिघडवून गेलात. त्यानंतर मी यवतमाळच्या गाडीत बसले की खिडकीबाहेरचं काहीच एकटं दिसेना. दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर दिसायचे आणि त्यांच्यामागून एक बारीक धागा निघून तारांवरून, खांबांवरून, पार वीजकेंद्रापर्यंत जायचा. तिथून कोळशाच्या गाडीवर बसून खाणीत उतरायचा. सोयाबीनच्या वावरातून एक धागा खताच्या पोत्याकडे, पोत्यातून कुठल्यातरी लांबच्या कारखान्याकडे. लग्नाच्या मांडवातल्या लोखंडी खांबातून एक धागा तुमच्या भट्टीकडे. मागच्या सीटवरची बाई पानाला चुना लावायची आणि मला तिच्या बोटाच्या टोकावर तुमचा पंचा दिसायचा. अर्ध्या झोपेत, गाडी डुलत असताना, मला वाटायचं की सगळा देश असा कुणीतरी सुतानं विणून ठेवलाय, आणि कुठलंही एक टोक ओढलं तर शेवटी कुठंतरी एक माणूस डोळे बारीक करून आग बघत बसलेला असतो. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, गाडीत झोपत जाऊ नका, थैली चोरीले जाईन."

मग तुम्हीही तसले धागे शोधायला लागलात. रविवारी सकाळी फोन. "मॅडम, पोळीचा धूर कोनाचा? गहू पेरनाऱ्याचा, दळनाऱ्याचा, का खानाऱ्याचा?" मी म्हणायची, तुमचा, कारण तुम्ही सकाळी सकाळी माझं डोकं खाताय. वहिनी मागून ओरडायच्या, "बाईले कामं असतीन, ठेवा आता." आपण हरलो-जिंकलो काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दोन्ही बाजूंनी.

आता ते सांगते, जे टाळत होते.

आमच्या यादीत, वायू किती निघतो त्यावरून, चुनाभट्ट्यांचे दोन गट होते, लहान आणि मोठ्या; तक्त्यावरच ते छापलेले. माझ्या चुकीच्या आकड्यानं तुमची भट्टी लहानांत बसत होती. तुमच्या डब्यानं ती मोठ्यांत गेली. प्रयोगशाळेत आकडा खोडताना मला हेच दिसलं होतं. मोठ्यांचं पुढं काय होणार हे तेव्हा ठरलं नव्हतं, पण काहीतरी होणार एवढं न कळायला मी काही दूधपिती नव्हते. तुम्ही समोर उभे होता, तराजूकडे बघत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, भाऊ, याचा त्रास तुम्हाला होऊ शकतो, विचार करा. मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर हा माणूस नवा आकडा लिहू नका म्हणेल, डबा उचलून निघून जाईल आणि माझा आकडा चुकीचाच राहील.

दोन वर्षांनी ठरलं. मोठ्या भट्ट्यांनी जुनी आग विझवून नव्या तऱ्हेची, कमी कोळशाची भट्टी बांधावी. बाकीच्यांतल्या काहींनी बांधली. तुमच्या मालकांचं वय झालेलं, मुलगे बाहेरगावी, त्यांनी बांधली नाही. एका रविवारी तुम्ही इकडचं तिकडचं बोललात, माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि शेवटी म्हणालात, "भट्टी थंडी झाली, मॅडम." जसं कुणी म्हणतं, आज ढग आलेत.

मी विचारलं नाही, का थंड झाली. तुम्ही सांगितलं नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "आता काय करणार?" तुम्ही म्हणालात, लोकांची घरं रंगवीन, हात तर चुन्याचेच आहेत. आणि मग तेच: "भिंत पेली का?"

गेली दोन वर्षं तो प्रश्न मी मनातच ठेवला. माझ्या कागदानं तुमची आग विझली का? तिथं काम करणाऱ्या पंधरा-वीस माणसांची? दर रविवारी ठरवायची, आज विचारते. तुमचा आवाज ऐकला की पोरांच्या परीक्षांचं बोलायची. यादी बरोबर होती, आग कमी व्हायलाच हवी होती, हे मी आजही वर्गात ठामपणे सांगते आणि मला ते पटतंही. पण यादी बरोबर असणं वेगळं आणि तुमच्या तोंडावर ते म्हणणं वेगळं. मी घाबरले, भाऊ. दुसरा शब्द नाही.

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी आले. तुमच्या घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. मला क्षणभर पुन्हा ती पहिली दुपार दिसली, ती भट्टीवरची, आणि वाटलं, आता यातून पंचा गुंडाळलेला कुणीतरी उठेल आणि म्हणेल, बसा, पाणी प्या. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनींनी मला मागच्या अंगणात नेलं. भिंतीला टेकून एक रांजण होता, तोंडाला फडकं. फडकं काढलं तर आत पाण्याखाली दह्यासारखा मऊ चुना.

"शेवटच्या आगीचा हाय," वहिनी म्हणाल्या. "भट्टी थंडी झाली त्या दिवशी आणला न् भिजू घातला. दरसाली जयंतीले विहाराले यातलाच लावत. म्हणे, जितका मुरन तितका चांगला. आता हा एवढाच राह्यला."

जयंतीला तीन आठवडे होते. आणि विहाराची भिंत कोण रंगवणार हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. मी पदर खोचला. वहिनी म्हणाल्या, "तुमाले जमन का?" मी म्हटलं, नाही जमणार, पण करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी विहारात. वहिनी कुंचा मारत होत्या, मी बादलीत चुना पातळ करून देत होते. पहिल्यांदा लावला की चुना भिंतीवर दिसतच नाही, ओल्या भिंतीचा नुसता करडा रंग. मग वाळत वाळत एकेक कोपरा पांढरा उगवत येतो. एका भिंतीवर आम्ही पुढे सरकत होतो आणि मागे आपोआप पहाट होत होती. ते बघता बघता, वहिनींची पाठ माझ्याकडे होती म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं. "वहिनी, भट्टी माझ्या कागदामुळे बंद झाली का?"

कुंचा थांबला नाही.

"हो."

मी बादली खाली ठेवली.

"त्यायले मालूम होतं," वहिनी म्हणाल्या. "डबा घेऊन तुमच्याकडे येनार, त्याच्या आदल्या दिवशी मालक सोता घरी आलते. म्हणे, पुंडलिक, बाईच्या कागदात आपली भट्टी बारक्यात बसून राह्यली, चूप राय. तू डबा नेला तं उद्या आग विझन. लय समजावलं."

"मग?"

"मंग काय. सकाळी उठले, डब्याले ट्यूब बांधली न् गेले."

"तुम्ही अडवलं नाही?"

"अडवलं ना! म्हटलं, कायले जाता? कोन ईचारून राह्यलं तुमाले? तं म्हणे," आणि इथं वहिनी वळल्या, चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे, "म्हणे, ते बाई दुकानदार असती तं चूप रायलो असतो. ते मास्तरीन हाय. चुकीचं वजन घेऊन गेली तं पोरायले तेच शिकवन. पोरं जनमभर चुकीचं मोजतीन."

मी विहाराच्या पायरीवर बसले आणि रडले. फोन आला तेव्हा रडले नव्हते, पुण्यानुमोदनातही नाही. वहिनींनी बसू दिलं. त्यांनी दुसरी भिंत सुरू केली.

चार वर्षं मी समजत होते की माझ्याकडे एक गोष्ट आहे जी तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही ती माझ्याआधीच माहीत करून घेऊन, तीन गाड्यांत डबा मांडीवर धरून आला होता. वर माझ्या घरी भाकरी खाऊन, माझी बोलणी ऐकून, भिंत रंगवून गेलात. फायद्याचं मी तुमच्या तोंडावर बोलले होते, आठवतं? तुम्ही तुकडा मोडलात आणि वजनाचं बोललात. रागावला का नाहीत कधी? एकदा तरी म्हणायचं होतंत, मॅडम, तुमच्यामुळे झालं. मी माफी मागितली असती. आता मागते आहे, आणि ती कुठं पोचत नाही, वर तुम्ही असता तर हसण्यावारी नेली असतीत हेही ठाऊक आहे. माझी माफी आणि माझे उपकार मानणं, दोन्ही एकाच तोंडानं निघतंय. ते कसं वेगळं करायचं मला कळत नाही. तुम्ही खडा हातावर ठेवून दाखवला असतात, हे जड, हे हलकं.

संध्याकाळी निघताना पिशवीतून बाटली काढली. नव्या भिंतीवर एक थेंब. ओघळता ओघळता भडक गुलाबी झाला, जास्वंदीसारखा. वहिनी दचकल्या. मी त्यांना समजावलं: अजून भिंत प्यायला लागायची आहे. पंधराएक दिवसांनी थेंब टाकून बघा, रंग नाही आला तर समजा, भट्टीतून दगडाचं जे गेलं होतं त्यातलं तेवढं परत आलं. बाटली त्यांच्याकडे ठेवून मी दिग्रसला आले. सगळं कॉलेज मला विचारतंय, बाटली कुठं गेली. मी म्हणते, तपासणीला दिली आहे.

आज सकाळी त्यांचा फोन आला. रविवार, तुमचीच वेळ. फोनही तुमचाच; पडद्यावर तुमचं नाव बघून मी हातातला चहा खाली ठेवला.

"जयभीम, मॅडम. थेंब टाकला. रंगच नाई आला. औषध बिघडलं का काय?"

"नाही वहिनी. भिंत पेली."

"पेली?"

"पेली."

त्यांच्या मागून कोंबडी. मग म्हणाल्या, "मंग लिहून ठेवा. ते असते तं लगेच ईचारते, कोनाच्या नावानं लिहिलं मनून."

मी त्या सुट्टीतली जुनी वही काढली. खोडलेला आकडा आहे, त्याच्याखाली तुमचा बरोबर आकडा आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं: विहाराच्या भिंतीनं परत घेतलेला. त्यापुढे, पुंडलिकभाऊ. हे सोपं होतं. मग खाली लिहिलं: दिग्रसच्या घराच्या ओसरीसाठी जो चुना भाजला, त्याला लागलेला कोळसा. हा परत येणार नाही, तुम्ही तो कबूल केला होता. नावाच्या रकान्यात चार वर्षांच्या सवयीनं माझा हात वणी लिहायला गेला. समोर तुमची भिंत होती, सकाळच्या उन्हात नुसती पांढरी. मी तिथं माझं नाव लिहिलं. त्यापुढे दिग्रस.

वाद तुम्ही जिंकलात, भाऊ. वजनही बरोबर आहे. दोनदा तपासलं.